दुसऱ्या रात्रीचा खोकला

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, राहून जात होतं. मागच्या महिन्यात आमच्या भूलतज्ज्ञ मंडळींची एक बैठक झाली. (भूलतज्ज्ञ म्हणजे तेच, ज्यांचं नाव पेशंट शुद्धीवर आल्यावर कुणालाच आठवत नाही ते!) विषय होता, छातीच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून कुठला ब्लॉक द्यावा. दोन तास घमासान झालं. आमच्या वयाचे लोक एपिड्युरलचे, मधली पिढी पॅराव्हर्टेब्रलची आणि तरुण पोरं सगळी ईएसपीवाली. स्लाइडमागून स्लाइड. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवरून हमरीतुमरी. मग जेवण झालं आणि मंडळी आपापल्या गाड्या काढून घरी गेली.

या दोन तासांत एकानेही विचारलं नाही की ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री तीन वाजता त्या पेशंटला खोकता येत होतं का.

माझं म्हणणं सरळ आहे. कुठला ब्लॉक श्रेष्ठ हा प्रश्न नंतरचा. दुसऱ्या रात्री पेशंटला मोकळेपणाने खोकता आलं तर ब्लॉक चांगला, नाही आलं तर तो कितीही नवा असो, कितीही सुंदर चित्र स्क्रीनवर दिसलेलं असो, उपयोग शून्य. आणि हे मी बैठकीत न बोलता इथे लिहितोय त्याला कारण आहे. आम्ही डॉक्टर आपापसात बोलून हे सुधारणार नाही. नातेवाइकांनी विचारायला सुरुवात केली तर कदाचित सुधारेल. आमच्या घरातली अर्धी मंडळी हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी छातीचं दुखणं वेगळं का, ते बघू. हात मोडला तर प्लास्टर घालतात, पाय मोडला तर खाटेवर पडून राहता येतं. छातीला विश्रांती देता येत नाही. माणूस मिनिटाला पंधरा वेळा श्वास घेतो असं धरलं तर दिवसाचे एकवीस हजारांवर श्वास होतात. छाती उघडताना दोन बरगड्यांच्या मधून कापतात आणि लोखंडी फाळ्यांनी त्या बरगड्या फाकवतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते, ती या सगळ्यात चेपते, ताणली जाते. वर रक्त आणि हवा बाहेर पडायला बरगड्यांमधून नळी घातलेली असते, ती श्वासागणिक आत घासते. मग पेशंट शहाणपणा करतो. तो वरवरचा श्वास घेतो आणि खोकत नाही. खोकला नाही म्हणजे बेडका बाहेर येत नाही, बेडका साठला की फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. सर्जनने पाच तास राबून मोकळं केलेलं फुफ्फुस असं तीन दिवसांत मातीत जातं. दुखणं थांबवायचं ते पेशंटला बरं वाटावं म्हणून तर आहेच, पण त्याने खोकावं म्हणूनही आहे. हा उपचाराचाच भाग आहे, वरची मेहेरबानी नव्हे.

आता ब्लॉकांची ओळख करून देतो. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदांवरून उडी मारा, मी रागावणार नाही.

पहिला एपिड्युरल. दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधे, पाठीच्या मणक्यांतून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत केसाएवढी बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून बधिर करणारं औषध सोडत राहायचं. दोन्ही बाजूंच्या नसा गप्प होतात. नीट बसला तर याच्यासारखा आराम नाही, पेशंट अक्षरशः हसतो. अनेक वर्षं यालाच सर्वोत्तम मानत आले. पण औषध रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बंद करतं, त्यामुळे बीपी उतरतं. लघवी अडते. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर देता येत नाही. फार क्वचित, पण आत रक्त साकळून पाय लुळे पडायची भीती असते. म्हणजे दर तासाला कुणीतरी बीपी बघायला, "पाय हलवून दाखवा" म्हणायला हवं.

दुसरा पॅराव्हर्टेब्रल. मणक्याच्या बाजूला, नस जिथे बाहेर पडते तिथेच तिला गाठायचं. फक्त ज्या बाजूचं ऑपरेशन त्याच बाजूला. जुना आहे. जर्मनीत ह्यूगो सेलहाइम यांनी १९०५ साली केला. मग लोक विसरून गेले आणि १९७९ साली ईसन आणि वायट या दोघा डॉक्टरांनी तो पुन्हा उकरून काढला. याची भीती एकच, सुई जरा पुढे गेली तर फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडेल. १९९५ साली लॉन्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा छातीत हवा भरण्याचं प्रमाण अर्धा टक्का निघालं. आणि गंमत बघा, छातीच्या ऑपरेशनमध्ये त्या बाजूला हवा काढायची नळी आधीच असणार आहे!

तिसरा ईएसपी, म्हणजे इरेक्टर स्पाइनी प्लेन. २०१६ साली फोरेरो आणि सहकाऱ्यांनी छापला आणि वणव्यासारखा पसरला. पाठीच्या उभ्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडावर औषध पसरवायचं. सोनोग्राफीत स्वच्छ दिसतं, फुफ्फुस लांब, मज्जारज्जू लांब. शिकायला सोपा. अडचण एवढीच की औषध तिथून झिरपत पुढे खऱ्या नसेपर्यंत किती पोचेल याचा भरवसा नाही. एकाला पोचतं, एकाला नाही.

याशिवाय बगलेकडून द्यायचा सेराटस ब्लॉक आहे, आणि सर्जन स्वतः एकेका बरगडीखाली टोचतो तो आहे. पण खरी मारामारी वरच्या तिघांत.

या मारामारीचा निकाल काय? बराचसा लागून गेलाय. २०१६ साली कॉक्रेनवाल्यांनी छाती उघडून केलेल्या ऑपरेशनांवरचे १४ अभ्यास, ६९८ पेशंट एकत्र करून बघितले. दुखणं थांबवण्यात एपिड्युरल आणि पॅराव्हर्टेब्रल साधारण बरोबरीचे. पण बीपी उतरणं, मळमळ, खाज, लघवी अडणं हे त्रास पॅराव्हर्टेब्रलमध्ये कमी. दुर्बिणीतून, छोट्या भोकांतून केलेल्या ऑपरेशनसाठी २०२२ साली प्रॉस्पेक्ट नावाच्या युरोपातल्या गटाने सांगितलं की पॅराव्हर्टेब्रल किंवा ईएसपी, दोन्हीतला कुठलाही पहिल्या पसंतीचा. म्हणजे तरुण पोरं चूक नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला ईएसपी ठीक आहे. पण मोठा छेद घेऊन बरगड्या फाकवल्या असतील तर मी तरी त्याच्या भरवशावर झोपणार नाही.

इथपर्यंतचं पुस्तकात मिळतं. माझा राग पुढे आहे.

केसपेपरवर एक ओळ लिहिलेली असते : "ब्लॉक दिला." झालं, वेदनेचं खातं बंद. दिला म्हणजे काय दिला? बहुतेक वेळा एकदाच टोचलेला. बुपिव्हाकेनचा एकदा दिलेला डोस सहा ते बारा तास चालतो. ऑपरेशन दुपारी दोनला संपलं तर संध्याकाळी राउंडला पेशंट छान, "कसं वाटतंय?" "बरं हाय सायेब." सर्जन खूश, भूलतज्ज्ञ खूश, फोटो काढून ग्रुपवर टाकला. रात्री बारा-एकला औषध उतरलं. तेव्हा सर्जन घरी, भूलतज्ज्ञ घरी, वॉर्डात एक सिस्टर आणि तीस पेशंट. दुसऱ्या रात्री तर ब्लॉकची आठवणही उरलेली नसते. परदेशातल्या ज्या अभ्यासांच्या स्लाइड आम्ही दाखवतो, त्यातल्या किती ठिकाणी नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू होतं हे कुणी वाचून दाखवत नाही. आपण त्यांच्या ब्लॉकचं नाव घेतलं, नळी तिथेच सोडली.

आणि त्याच कागदावर खाली दुसरी ओळ : गोळी किंवा इंजेक्शन, "एसओएस". म्हणजे दुखलं तर द्या. अहो, एसओएस ही बुडत्या जहाजाची हाक! छातीला नळी लावलेल्या, धड श्वास घेता न येणाऱ्या माणसाने रात्री तीनला हाक मारायची, ती सिस्टरला ऐकू जायची, तिने डॉक्टरला उठवायचं, मग औषध. साधी पॅरासिटामॉल घड्याळ लावून दर सहा तासांनी दिली, पेशंटने मागो न मागो, तर केवढा फरक पडतो. त्याला ना सोनोग्राफी लागते ना परिषद.

विचारण्याची पद्धतही बघा. आम्ही पडून राहिलेल्या माणसाला विचारतो, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" पडून राहिलं तर कमीच दुखणार! विचारायचं असेल तर "खोकून दाखवा" म्हणा आणि मग विचारा. शिवाय हे शून्य ते दहा आमच्या पेशंटला कळतच नाही. पूर्व भागातल्या एका पद्मशाली आज्जींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "दहा रुपये?" घरात तेलुगू, बाहेर मराठी, आकड्यांत दुखणं कुठल्याच भाषेत नाही. पण "ठणकतंय का चमकतंय?" विचारलं की लगेच उत्तर. आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत! ठणका, कळ, चमक, सणक, आग, मुंग्या. आणि ते नुसते शब्द नाहीत. ठणका म्हणजे बहुधा जखमेचा. चमक, आग, मुंग्या असं कुणी म्हणालं की नस दुखावली असावी असं समजावं, त्याची औषधं वेगळी. परक्या पट्टीवर आकडा मागण्याआधी हे विचारायला काय हरकत आहे?

या नसेच्या दुखण्याचं गांभीर्य कमी समजू नका. छाती उघडलेल्या साधारण निम्म्या लोकांना पुढे कित्येक महिने त्या टाक्याच्या रेषेत कमीजास्त दुखत राहतं. शर्ट घासला तरी आग होते. २०१८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं की अशा ऑपरेशनात एपिड्युरल दिलेल्या साधारण सात जणांमागे एकाचं हे पुढचं दुखणं टळतं. यंत्रमागावर उभं राहून पोट भरणाऱ्या माणसासाठी हा "सोसायचा" प्रश्न आहे की रोजगाराचा?

आता सोलापूरकडे येतो, कारण पुस्तकं आपल्या पेशंटसाठी लिहिलेली नाहीत. मी छातीच्या ज्या ऑपरेशनांना बसतो त्यातली बरीच टीबीनंतरची असतात. छातीत पू होतो, फुफ्फुसावर जाड साल धरते, ती सोलून काढावी लागते. विडी वळणाऱ्या बायका, कारखान्यातले कामगार. वजन चाळीस किलो. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे जास्तीत जास्त अडीच मिलिग्रॅम धरली तर यांना शंभर मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा टक्क्याचं औषध फक्त २० मिली. ईएसपी हा ब्लॉक तर औषधाच्या पसरण्यावर चालतो, त्याला २०-३० मिली लागतात. सत्तर किलोच्या माणसाचा व्हिडिओ बघून अर्धा टक्क्याचे ३० मिली यांना दिले तर दीडशे मिलिग्रॅम झाले! झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकतं. औषध निम्मं पातळ करा, आणि उतारा म्हणून २० टक्के लिपिडची बाटली थिएटरमध्ये ठेवा. "मागवू लागली तर" हे उत्तर चालणार नाही.

मग सोनोग्राफीचं मशीन. गर्भलिंग निदान थांबवण्यासाठी आपल्या महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ साली कायदा केला, मग १९९४ साली केंद्राचा आला. ज्या जागेसाठी मशीन नोंदवलं तिथेच ते वापरायचं. हा कायदा हवाच, आपल्याकडे पोटातल्या मुलींचं जे झालं ते बघता त्यात ढिलाई नको. पण परिणाम असा की माझ्यासारखा भूलतज्ज्ञ, जो डिकीत बॅग टाकून चार दवाखाने फिरतो, तो मशीन बरोबर नेऊ शकत नाही. मी ज्या एका रुग्णालयात जातो तिथे मशीन रेडिओलॉजीत नोंदलेलं आहे, थिएटरमध्ये आणायचं तर तीन सह्या. उपाय कायद्यातच आहे : थिएटरसाठी एक मशीन रीतसर नोंदवा, कागद चोख ठेवा. ते होत नाही कारण त्यातून बिल निघत नाही.

आणि मशीन नसलं म्हणून हात बांधले जात नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. छाती उघडलेली असतानाच सर्जन स्वतःच्या डोळ्यांनी बघून, आवरणाच्या मागे, मणक्याच्या कडेला नळी सरकवू शकतो. इंग्लंडात ब्रॅडफर्डला सबनाथन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८८ साली छापली. सोनोग्राफी नको, आंधळी सुई नको, वर बीपी एपिड्युरलइतकं उतरत नाही. रात्री एकच सिस्टर असलेल्या वॉर्डाला यापेक्षा सोयीचं काय? मी सर्जन मित्रांना सांगतो तेव्हा उत्तर येतं, "दहा मिनिटं जातात रे." पाच तासांच्या ऑपरेशनात दहा मिनिटं!

आता विरोधकांचं ऐकू. पहिलं म्हणणं, "आपले पेशंट सोसतात." हो, सोसतात. गरीब माणूस डॉक्टरसमोर तक्रार करत नाही, याला सोसणं म्हणतात की घाबरणं ते ज्याचं त्याने ठरवावं. न्यूमोनियाचे जंतू मात्र पेशंट किती सोशिक आहे हे बघत नाहीत.

दुसरं, मॉर्फिनची भीती. हा देश कायदेशीर अफू पिकवतो, पण १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचं असं जंगल उभं केलं की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल, मूळचे आमच्याच शाखेचे, यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि एक परवाना पुरेसा झाला. कायदा बदलला, भीती तशीच. अमेरिकेने उलट टोक गाठून गोळ्यांचा पूर आणला आणि व्यसनाची साथ ओढवून घेतली हेही खरं. म्हणूनच तर ब्लॉकची नळी हवी, तिच्यामुळे मॉर्फिन कमी लागतं.

तिसरं म्हणणं वजनदार आहे : माणसं नाहीत. हे मी मान्य करतो. सिस्टरला तीस पेशंट देऊन तिच्याकडून दर तासाला बीपीची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. पैशांचंही तेच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यात सोलापूर होतं, आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. ती आली म्हणून ज्यांना ऑपरेशन स्वप्नात परवडलं नसतं त्यांची ऑपरेशनं झाली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण रक्कम एकगठ्ठा मिळते. जिथे काटकसर करायची तिथे आधी जे दिसत नाही ते कापलं जातं. वेदना एक्सरेत दिसत नाही.

तरीही माझं म्हणणं मागे घेत नाही. माणसं कमी आहेत म्हणूनच कमी राखण लागणारी पद्धत निवडा. एपिड्युरलला राखायला माणूस नसेल तर ते टाकू नका. पण त्याच्या जागी एक सुई टोचून हात झटकू नका, पॅराव्हर्टेब्रलची नळी ठेवा आणि औषध कधी, किती, कुणी द्यायचं हे नावानिशी लिहा. न्यूमोनिया झालेला पेशंट आठ दिवस जास्त राहिला तर त्याला लागणारी माणसं कुठून आणणार आहात?

तर नातेवाईक मंडळींनो, विशेषतः आमच्या पुण्याच्या आत्या, ज्यांनी मागे फोनवर "एवढं डॉक्टरांना विचारायचं म्हणजे उद्धटपणा नाही का रे?" असं विचारलं होतं. अजिबात नाही, आत्या. घरातल्या कुणाची छाती उघडायची वेळ आली (न येवो), तर ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाला गाठा आणि चार गोष्टी विचारा. ब्लॉक एकदाच टोचणार की नळी ठेवणार? नळी किती दिवस? रात्री औषध कोण देणार, त्यांचं नाव काय? आणि गोळ्या घड्याळाप्रमाणे देणार की मागितल्यावर? उत्तर देताना डॉक्टर चिडला तर समजा की त्याने याचा विचार केलेला नाही. दुसऱ्या रात्री तुम्ही जवळ असाल तर पेशंटच्या छातीला उशी धरून त्याला खोकायला लावा. नाही जमलं तर सिस्टरला उठवा, सिस्टर डॉक्टरला उठवेल. मला कुणी उठवलं तर मी कुरकुरेन, पण येईन.

ईएसपीवाल्या तरुण मित्रांनो, तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, यात वाद नाही. पुढच्या बैठकीत स्क्रीनवरचं चित्र जरूर दाखवा. त्याच्या पुढच्या स्लाइडवर दुसऱ्या रात्री तीनला पेशंट खोकला की नाही तेही लिहून आणा. सर्जन मंडळींनी त्या दहा मिनिटांबद्दल इथे येऊन भांडावं, मी तयार आहे. फक्त "आपले पेशंट सोसतात" हे वाक्य कुणी लिहू नका, त्याला उत्तर द्यायचा मला खरंच कंटाळा आलाय.